तोफ की तराजू? आर्थिक स्वातंत्र्य आणि लष्करी बळ: कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर, इचलकरंजी, गडहिंग्लज या भागात ‘सैन्य पाठवण्यापेक्षा धंद्याची मोकळीक शांततेच्या जास्त कामाची’ या विषयावर बोलायला गेलं की प्रश्न जवळपास ठरलेले असतात. कॉलेजची मुलं, फौंड्रीवाले, गुळाचे अडते, निवृत्त फौजी. विचारणारे बदलतात, प्रश्न तेच. म्हणून एकदाचे लिहून काढले. प्रश्नांची भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे.

१. आर्थिक स्वातंत्र्य म्हणजे नेमकं काय? कर कमी असणं, एवढंच ना?

कर हा त्यातला छोटा भाग झाला. आपल्या कष्टाचं आणि आपल्या मालकीच्या वस्तूचं काय करायचं हे आपण ठरवू शकतो का, हा खरा प्रश्न. काय पिकवायचं, कुठे काम धरायचं, माल कोणाला आणि कोणत्या भावाने विकायचा, आलेला पैसा कुठे ठेवायचा. कॅनडातली फ्रेझर इन्स्टिट्यूट १९९६ पासून देशांची याबाबतची क्रमवारी लावते. ती पाच गोष्टी बघते: सरकारचा पसारा, कायदा आणि मालमत्तेचे हक्क, पैशाची किंमत टिकते का, परदेशांशी व्यापाराची मोकळीक, आणि परवान्यांचा जाच.

आपल्याकडे हे समजवायला ऊस पुरतो. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने परराज्यात ऊस पाठवायला बंदी घातली आणि शेतकरी संघटना उठल्यावर काही दिवसांतच मागे घेतली. शिरोळ, कागलकडचा ऊस सीमेपलीकडच्या कारखान्यांना जातो, कारण कधी तिथे तोड लवकर मिळते, कधी दर बरा मिळतो. बंदी टिकली असती तर ऊस शेतकऱ्याचाच राहिला असता, पण घालायचा कुठे हे दुसऱ्याने ठरवलं असतं. दोन कारखान्यांमध्ये केंद्राच्या नियमाने किमान १५ किलोमीटर हवाई अंतर लागतं, महाराष्ट्राने ते २५ केलं. असे नियम कोणाच्या सोयीचे असतात, हे कोल्हापूरकराला मी सांगायची गरज नाही.

२. याचा लढाईशी काय संबंध? व्यापारी काय तोफ अडवणार आहेत?

सुटलेली तोफ कोणीच अडवत नाही. जे काही घडतं ते त्याच्या आधी.

दुसऱ्याची खाण, बंदर, जमीन हवी असेल तर लढून घेता येते किंवा तिथला माल विकत घेता येतो. विकत घेण्याची वाट खात्रीची असेल तर लढण्यात राम राहत नाही. जपानने १९३१ मध्ये मांचुरिया बळकावला, १९४१ मध्ये तेलासाठी आग्नेय आशियाकडे मोर्चा वळवला आणि १९४५ पर्यंत सगळं घालवून बसला. त्याच जपानने पुढे ऑस्ट्रेलियाचं लोहखनिज आणि आखातातलं तेल रोख पैसे मोजून घेतलं, आणि १९६८ पर्यंत अर्थव्यवस्थेच्या आकारात पश्चिम जर्मनीला मागे टाकलं. सैन्य पाठवून जे हाती लागलं नव्हतं ते पावती फाडून मिळालं.

दुसरी गोष्ट शिरोलीतल्या एखाद्या निर्यात करणाऱ्या फौंड्रीत उभं राहिलं की दिसते. ट्रॅक्टरची कास्टिंग्ज लाकडी खोक्यांत भरून जर्मनीला, इटलीला निघतात. ज्या पॅटर्नवरून साचा निघतो तो बहुतेक वेळा ग्राहकाच्या मालकीचा असतो, रॅकवर त्याच्या नावाची पट्टी लावून ठेवलेला. म्हणजे त्याचा पैसा इथे अडकलेला. माल कित्येक आठवडे समुद्रात, पेमेंट त्यानंतर. म्हणजे इथला पैसा तिथे अडकलेला. रिजेक्शन आलं तर दोघंही फोनवर भांडतात, पण पॅटर्न काही कोणी उचलून नेत नाही. दोन्हीकडे असे हजारो छोटे गुंतलेले लोक असले की युद्धाची भाषा करणाऱ्या पुढाऱ्याला घरातूनच विरोध होतो. दोन सरकारांनी केलेला एखादा भला मोठा करार या गुंतवणुकीची जागा घेऊ शकत नाही. या सगळ्या विषयात माझं म्हणणं एवढंच आहे, आणि त्याचा सर्वांत कडक पुरावा प्रश्न ७ मध्ये आहे.

३. ही कल्पना कोणाची? अमेरिकेचीच असणार.

अमेरिकेहून जुनी. व्यापाराने माणसं मवाळ होतात असं फ्रान्सचा माँतेस्क्यू १७४८ मध्ये लिहून गेला. जर्मन तत्त्वज्ञ कांट यानेही १७९५ मध्ये तसंच म्हटलं. इंग्लंडमध्ये रिचर्ड कॉब्डेन या कापड कारखानदाराने १८४६ मध्ये परदेशी धान्यावरचे जाचक कर उठवायला लावले आणि १८६० मध्ये पिढीजात वैरी फ्रान्सशी व्यापार करार घडवून आणला. अमेरिकेचा कॉर्डेल हल बराच नंतरचा. त्याला १९४५ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं. आपल्याकडे हा विचार शेतकऱ्याच्या बांधापर्यंत कोणी नेला असेल तर शरद जोशींनी. त्यांच्याशी मतभेद असलेलेही एवढं मानतात.

४. इंग्रज व्यापाराच्या मिषानेच आले ना? मग हे कुठल्या तोंडाने सांगता?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि तो पन्हाळ्याच्या पायथ्याशी विचारला जाणार हेही बरोबरच आहे. १६६० मध्ये सिद्दी जौहरचा पन्हाळ्याला वेढा होता. राजापूरच्या वखारीतला हेन्री रेव्हिंग्टन दारूगोळा घेऊन तिथे आला आणि इंग्रजी निशाण लावून गडावर तोफा डागल्या. पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूरची वखार लुटली आणि तिथल्या इंग्रजांना कैदेत टाकलं. व्यापारी म्हणून आलास तर व्यापारी म्हणून राहा, असा तो सरळ हिशेब होता.

आणखी अर्ध्या शतकाने रामचंद्रपंत अमात्यांनी, म्हणजे बावड्याच्या पंतांनी, कोल्हापूरच्या गादीसाठी आज्ञापत्र लिहिलं. त्यात साहुकारांना, म्हणजे व्यापाऱ्यांना, राज्याची शोभा म्हटलं आहे: त्यांना बोलावून आणावं, पेठा वसवाव्या, त्रास होऊ देऊ नये. पण टोपीकरांबद्दल, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांबद्दल, सावध केलं आहे. हे इतर साहुकारांसारखे नव्हेत, यांच्या पाठीशी यांची राज्यं उभी आहेत, यांना समुद्रकाठची जागा देऊ नये. तीनशे वर्षांपूर्वीच्या या माणसाला व्यापारी आणि व्यापाराच्या वेशातलं सैन्य यांतला फरक नेमका कळला होता.

ईस्ट इंडिया कंपनी १६०० च्या सनदेवर उभी होती. भारताशी व्यापार करायचा इंग्लंडमधल्या दुसऱ्या कोणालाही हक्क नव्हता. तो एकाधिकार १८१३ पर्यंत टिकला. स्वतःची फौज, आणि पुढे स्वतःचा सारा. खुल्या व्यापाराचा आद्य पुरस्कर्ता ॲडम स्मिथ याने १७७६ मध्येच या कंपनीवर टीका केली होती. कंपनीचं राज्य हे आर्थिक स्वातंत्र्याचं उदाहरण म्हणून देता येत नाही. ते त्याच्या गळचेपीचं उदाहरण आहे.

५. प्रत्यक्षात कुठे चाललंय हे? नुसती थिअरी नको.

फ्रान्स आणि जर्मनी. १८७०, १९१४, १९३९: सत्तर वर्षांत तीन युद्धं. ९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शूमान यांनी प्रस्ताव मांडला की दोन्ही देशांचा कोळसा आणि पोलाद एका सामायिक व्यवस्थेखाली आणावं. १९५१ मध्ये पॅरिसला करार झाला. सोबत इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग. आजच्या युरोपीय संघाचं मूळ तिथे आहे.

कोळसा आणि पोलादच का, हे फौंड्रीवाल्याला सांगावं लागत नाही. एकाकडे रुऱ्हचा कोक, दुसऱ्याकडे लॉरेनचं लोहखनिज. दोन्ही एकत्र आल्याशिवाय तोफ ओतता येत नाही. ते एकत्र आणण्यासाठीच तर आधी सैन्यं धाडली जात होती. आता जकातीशिवाय मालगाड्या जाऊ लागल्या आणि भट्टीला काय कमी, काय जास्त हे खरेदी विभाग बघू लागला.

लगेच कोणीतरी म्हणतं, ही शांतता अमेरिकन फौजेची आणि नाटोची. फौजेचा वाटा आहेच. पण ग्रीस आणि तुर्कस्तान दोघंही १९५२ पासून नाटोतच होते, तरी १९७४ मध्ये सायप्रसवरून युद्धाच्या तोंडाशी येऊन ठेपले. एकाच छत्रीखाली उभं राहून भांडण मिटत नाही.

६. मग पहिलं महायुद्ध कसं झालं? तेव्हाही व्यापार जोरात होता की.

होता. ब्रिटन आणि जर्मनी एकमेकांचे मोठे गिऱ्हाईक होते. युद्ध आता कोणालाच परवडणार नाही, असं नॉर्मन एंजेल १९०९-१० मध्ये लिहीत होता, आणि चार वर्षांत भडका उडाला. (त्याला १९३३ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं. युद्ध परवडणार नाही हे त्याचं म्हणणं खरंच ठरलं. होणार नाही असं लोकांनी त्यातून वाचलं.)

थोडा खुलासा देता येतो. जर्मनीने १८७९ पासून धान्यावर आणि लोखंडावर संरक्षक जकाती लावल्या होत्या, बड्या सत्ता वसाहती कुलूपबंद करून बसल्या होत्या, आणि युद्धाचा निर्णय व्हिएन्ना, बर्लिन, सेंट पीटर्सबर्गच्या दरबारांतल्या मूठभर लोकांच्या हातात होता. तरीही प्रामाणिकपणे सांगायचं तर १९१४ ही या विचाराची सर्वांत लंगडी बाजू आहे. व्यापाराने युद्धाची शक्यता कमी होते. ती शून्य होते असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

७. रशिया जर्मनीला गॅस विकत होता. तरी युक्रेनवर चाल करून गेलाच ना?

गेला, आणि प्रश्न २ मध्ये जे म्हटलं त्याचा हा पुरावा आहे. २०२१ मध्ये युरोपीय संघात वापरल्या जाणाऱ्या वायूपैकी साधारण ४० टक्के रशियाकडून येत होता. पण विकणारी गॅझप्रॉम सरकारच्या मालकीची. नॉर्ड स्ट्रीमच्या नळाच्या एका टोकाला क्रेमलिन, दुसऱ्या टोकाला जर्मनीच्या मोजक्या बड्या कंपन्या. मध्ये हजारो छोटे व्यापारी नव्हते, आणि रशियात कोणी उद्योजक सत्तेला नको म्हणू लागला की त्याची मालमत्ता राहते का, हे तिथले लोक पाहत होते. खनिज विकून थेट तिजोरी भरणाऱ्या सत्तेला जनतेच्या धंद्याची पर्वा करावी लागत नाही. असा व्यापार आकड्यांत कितीही मोठा दिसला तरी शांततेच्या कामाचा नाही, उलट नळ बंद करण्याची धमकी हातात येते.

इकडे त्याची झळ मार्च २०२२ मध्येच पोचली. युक्रेन आणि रशियातून येणारं सूर्यफूल तेल कडाडलं, आणि पिग आयर्नचे व कोळशाचे भाव चढल्यावर उद्यमनगरात जुन्या दराने ऑर्डर घेऊन बसलेल्यांनी डोक्याला हात लावला.

८. आणि चीन? श्रीमंत झाला, शहाणा कुठे झाला?

१९७८ नंतर शेतकऱ्यांना पिकाचा वाटा मिळू लागला, १९८० मध्ये शेनझेन खुलं झालं, डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत गेला. कोट्यवधी लोक गरिबीतून बाहेर आले. त्याचं शेवटचं पूर्ण युद्ध १९७९ मध्ये व्हिएतनामशी झालं, हेही नोंदवायला हवं. पण जून २०२० मध्ये गलवानला आपले २० जवान शहीद झाले आणि दोन्ही देशांतला व्यापार त्यानंतर वाढतच गेला. चीनमध्ये बाजार खुला झाला, मालकीचा हक्क आणि कोर्टाचा निःपक्षपातीपणा आला नाही. जमीन आजही सरकारची किंवा गावसमूहाची. अर्धं स्वातंत्र्य दिलं तर शांतताही अर्धीच मिळते, असा माझा अंदाज. हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

९. मग फौज पाठवून, हुकूमशहा हटवून आर्थिक स्वातंत्र्य आणलं तर?

इराकमध्ये करून झालं. २००३ मध्ये अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी मे महिन्यात इराकी सैन्य बरखास्त केलं, आणि सप्टेंबरमध्ये ३९ क्रमांकाचा आदेश काढून बहुतेक क्षेत्रांत परदेशी गुंतवणूकदारांना शंभर टक्के मालकी खुली केली. कागदावर बघाल तर उत्तम कायदा. पण रस्त्यावर बॉम्ब फुटत असताना दुकान कोण टाकणार? आणि परक्या रणगाड्यावरून आलेल्या कायद्याला इराकी माणूस आपला का म्हणेल?

याच जातीची जुनी उदाहरणं म्हणजे अफूचं युद्ध (१८३९-४२), ज्यात ब्रिटनने चीनची बंदरं तोफांनी उघडली, आणि १८५३ मध्ये अमेरिकेच्या कमोडोर पेरीच्या युद्धनौका जपानच्या दारात. चीनमध्ये त्या अपमानाची आठवण आजही राजकारणात वापरली जाते.

यावर पश्चिम जर्मनीचा दाखला हमखास येतो: तिथे तर फौजेनेच आणलं. फौज होती हे खरं. नवं चलनही दोस्त राष्ट्रांनीच आणलं. पण जून १९४८ मध्ये दरनियंत्रण उठवायचा निर्णय लुडविग एरहार्ड या जर्मनानेच घेतला, तोही देश व्यापून बसलेल्या सैन्याच्या अधिकाऱ्यांची परवानगी न घेता, रविवारी रेडिओवरून.

१०. लढून जे झालं नाही ते व्यापाराने झालं, असं एक तरी उदाहरण द्या.

व्हिएतनाम. अमेरिकेचे ५८,००० हून अधिक सैनिक गेले, व्हिएतनामी तर लाखोंनी. १९७५ मध्ये अमेरिका हरली. त्यानंतर तिने संपूर्ण देशावर व्यापारबंदी घातली, त्यानेही काही हाललं नाही.

हललं ते आतून. सामूहिक शेतीने भाताचं उत्पन्न इतकं घटवलं होतं की तांदूळ आयात करावा लागे. १९८६ मध्ये तिथल्या कम्युनिस्ट पक्षाने दोई मोई नावाचं धोरण आणलं, १९८८ मध्ये जमीन कसण्यासाठी कुटुंबांच्या हवाली केली, आणि १९८९ मध्ये हा देश तांदूळ निर्यात करू लागला. जमीन तीच होती आणि भातही तेच. पिकलेल्यावर हक्क कोणाचा, एवढंच बदललं. फेब्रुवारी १९९४ मध्ये अमेरिकेने बंदी उठवली, जुलै १९९५ मध्ये राजनैतिक संबंध जुळले, डिसेंबर २००१ पासून व्यापार करार लागू झाला. आज व्हिएतनामी मालाचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक अमेरिका आहे.

सत्तेत पक्ष तोच, निवडणूक नावापुरती. तेव्हा आर्थिक स्वातंत्र्य आलं की मागोमाग लोकशाही येतेच, असं या उदाहरणावरून म्हणता येत नाही.

११. वळिवड्याच्या पोलिश लोकांचा तुम्ही नेहमी उल्लेख करता. त्यांचा इथे काय संबंध?

१९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून हिटलर आणि पूर्वेकडून स्टालिन तुटून पडले. पूर्व पोलंडमधल्या कुटुंबांना रशियनांनी सैबेरिया, कझाकस्तानात हद्दपार केलं. त्यातले सुमारे ५,००० लोक, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ या काळात आपल्या वळिवड्याच्या छावणीत राहिले. महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे आणि वॉर्सामध्ये कोल्हापूरचं.

त्या देशाचं पुढे काय झालं हे मात्र इथे क्वचित कोणी विचारतं. चाळीसेक वर्षं रशियाच्या टाचेखाली. १ जानेवारी १९९० पासून अर्थमंत्री लेशेक बाल्सेरोविच यांनी बहुतेक दरनियंत्रणं एका फटक्यात उठवली. पहिली एक-दोन वर्षं लोकांचे हाल झाले, कारखाने बंद पडले. मग रूळ सापडला. २००४ मध्ये पोलंड युरोपीय संघात गेला आणि आज त्याचा सर्वांत मोठा व्यापारी भागीदार जर्मनी आहे, ज्याने १९४४ मध्ये वॉर्सा बेचिराख केली तोच. २००७ पासून बरीच वर्षं त्या सीमेवर पासपोर्टही बघत नव्हते.

पण दुसऱ्या सीमेकडेही बघा. पोलंड १९९९ मध्येच नाटोत गेला आणि २०२२ नंतर तो आपल्या उत्पन्नाचे चार टक्क्यांहून जास्त संरक्षणावर खर्च करू लागला. एका शेजाऱ्याशी दुकानदारी, दुसऱ्यासाठी बंदोबस्त. प्रश्न १३ चं उत्तर यातच आहे.

१२. निर्बंध लावणं, माल अडवणं, हाही लढाईविना मार्गच झाला ना?

लढाई नाही हे खरं, पण दिशा उलटी. अमेरिकेने १९६२ पासून क्यूबावर व्यापारबंदी लादली आहे. क्यूबातला पक्ष आजही सत्तेवर आहे आणि प्रत्येक टंचाईचं खापर फोडायला त्याला अमेरिका आयती मिळते. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाविरुद्धचे १९८० च्या दशकातले निर्बंध हा अपवाद म्हणून सांगतात. तिथे धंदेवाल्या गोऱ्यांचं राजकीय वजन होतं आणि आतली चळवळ जबरदस्त होती. शस्त्रास्त्रं किंवा त्यांचे सुटे भाग अडवणं हा वेगळा मामला, त्याला माझा विरोध नाही.

१३. आमचा पोरगा बॉर्डरवर आहे. सैन्य बंद करा म्हणताय काय?

अजिबात नाही. ज्या जिल्ह्यात सैनिक टाकळीसारखं गाव आहे, जिथे मराठा लाइट इन्फंट्रीत जायला पोरं पहाटे रस्त्याने धावतात, तिथे असं म्हणायची माझी छाती नाही आणि मतही नाही. घर सांभाळायला सैन्य हवंच. माझा मुद्दा दुसऱ्याच्या घरी सैन्य पाठवून तिथली घडी बसवण्याबद्दल आहे (प्रश्न ९). सीमेवरच्या मुलाला गोळी कमी वेळा चालवावी लागावी, ही तुमची माझ्याहून जास्त इच्छा असणार.

१४. पाकिस्तानशी व्यापार केला म्हणून काय सुधारलं?

काही नाही, आणि का नाही हे बघण्यासारखं आहे. भारताने १९९६ मध्ये पाकिस्तानला व्यापारात सर्वाधिक अनुकूल राष्ट्राचा दर्जा दिला, तिकडून परतफेड झाली नाही. १९९९ मध्ये कारगिल. ऑक्टोबर २००८ मध्ये नियंत्रण रेषेवरून व्यापार सुरू झाला: ठरावीक २१ वस्तू, पैसे नाहीत, मालाच्या बदल्यात माल. पुढच्याच महिन्यात मुंबईवर हल्ला. तो व्यापार एप्रिल २०१९ मध्ये थांबवला गेला. पुलवामानंतर भारताने दर्जा काढून २०० टक्के शुल्क लावलं, ऑगस्टमध्ये पाकिस्तानने व्यापार तोडला, आणि पहलगामनंतर मे २०२५ मध्ये भारताने पाकिस्तानी मालाची आयात पूर्ण बंद केली.

उरी-चाकोठीच्या रस्त्यावरचे व्यापारी ट्रक दोन्ही बाजूंच्या कुटुंबांना जोडत होते, ते खोटं नव्हतं. पण प्रमाण चिमूटभर आणि पाकिस्तानात निर्णय रावळपिंडीच्या लष्करी मुख्यालयात, ज्याची स्वतःची जमीन, खत कारखाने, बँका आहेत. शत्रुत्व टिकलं तर ज्याचं बजेट टिकतं त्याला तुमच्या कांदा-टोमॅटोचं काय? पाकिस्तानच्या व्यापाऱ्याला मोकळीक मिळाली आणि लष्कराचा धंद्यातला हात सुटला तरच इथे काही फरक पडेल. ती गोष्ट आपल्या हातात नाही.

१५. कर्नाटकशी इतका वाद, तरी निपाणीचा माल इथे येतोच. हे या विषयात बसतं का?

बसतं, पण जपून. सीमाप्रश्न तापला की एसटीला काळं फासतात, बसगाड्या कोगनोळीला थांबतात. भाजी, दूध, ऊस, सोयरीक सुरूच. बेळगावचा व्यापारी आणि गांधीनगरातला ठोक दुकानदार एकमेकांचं खातं बंद करत नाहीत, म्हणून तापलेलं लवकर निवतं. मात्र याचं मोठं श्रेय राज्यघटनेच्या कलम ३०१ ला द्यायला हवं: देशभर व्यापार आणि ये-जा मोकळी राहील, अशी हमी त्यात आहे. दोन स्वतंत्र देशांना अशी हमी देणारा कोणी वर बसलेला नसतो.

१६. शाहू महाराजांनी तर सरकारी पैशाने गिरणी आणि धरण बांधलं. तुमच्या मते ते चुकलं का?

मुळीच नाही. महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली म्हणून गुळाचा सौदा कोल्हापुरात आला, राधानगरीच्या पाण्याने ऊस वाढला. रस्ता, पाणी, शाळा ही बाजाराची जमीन आहे. गिरणीबद्दल वाद घालता येईल. तो इथे नको.

माझ्या लेखी त्यांचं याहून मोठं आर्थिक काम म्हणजे बलुतेदारी, महारवतन आणि वेठबिगारी मोडणं. जन्माने ठरलेलं काम आणि त्याचा ठरलेला शेर-पायली मोबदला, यातून माणूस सुटल्याशिवाय बाजार खुला म्हणणं थट्टा आहे. अस्पृश्य ठरवलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळे यांनी चहाचं हॉटेल काढलं तेव्हा कायद्याची आडकाठी नव्हती, पण त्यांच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक नव्हतं. महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा पिऊ लागले, सोबतच्या मंडळींनाही प्यावा लागला. परवाना मिळणं आणि धंदा करता येणं यातलं अंतर त्या टेबलावर कमी झालं. बाहेरच्या देशांना आर्थिक स्वातंत्र्याचे धडे देणारे हा भाग विसरतात.

१७. खुल्या व्यापाराने आमचे माग बंद पडले तर शांतता काय चाटायची?

हा राग मला समजतो. इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला, तेव्हा त्याने हातमागवाल्यांना धक्का दिलाच होता. आता तोच धक्का साध्या यंत्रमागांना बसतोय, कधी बाहेरच्या स्वस्त कापडाचा, कधी वीजदराचा. नफा सगळ्या देशात पसरतो आणि तोटा एका गल्लीत साचतो. त्या गल्लीला हात देणं सरकारचं काम आहे, नाहीतर पुढच्या निवडणुकीत भिंती बांधणारा निवडून येतो. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने अनेक भारतीय मालांवरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं, ते अशाच साचलेल्या रागाचं राजकारण होतं.

कोल्हापुरी चपलेबद्दल वेगळं विचारलं जातं. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानमध्ये तसलीच चप्पल कोल्हापूरचं नावही न घेता दाखवली, बोंब झाल्यावर उगम मान्य केला. कोणाचं नाव आणि कसब फुकट उचलणं म्हणजे मोकळीक नव्हे. मालकीचे हक्क हा पाच गोष्टींतला एक आहे (प्रश्न १).

१८. उपासाला शेंदेलोण लागतं, ते पाकिस्तानातून येतं म्हणतात. खाल्लं तर देशद्रोह का?

आषाढीच्या आधी हा प्रश्न ठरलेला. शेंदेलोणाचा मोठा साठा पाकिस्तानी पंजाबातल्या खेवड्याच्या खाणीत आहे आणि आपल्याकडे बरंच तिथूनच येत असे. मे २०२५ पासून पाकिस्तानी माल थेट किंवा तिसऱ्या देशातून आणायलाही बंदी आहे, ती पाळायची जबाबदारी आयातदाराची. डब्यातलं जुनं मीठ फेकण्याचं कारण नाही. नवीन घेताना पाकिटावर कोणत्या देशाचा माल ते छापलेलं असतं, ते वाचा; सुटं घेत असाल तर दुकानदाराला विचारा. इराणचंही शेंदेलोण बाजारात असतं.